रहस्यपटाची आखणी आणि प्रेक्षकांचा शोध

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, वधूवर मेळाव्याचे अहवाल वाचले गेले आणि इमारत निधीसाठी आवाहनेही झाली. रहस्यपटाविषयी बोलण्याचा प्रसंग मात्र येथे प्रथमच येत असावा. ‘अभ्यास सोडून मुलांना हे काय सुचले?’ असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असल्यास तो स्वाभाविकच आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच या भाषणाचा हेतू होय.

आमच्या मंडळात माध्यमविद्या शिकणारे विद्यार्थी आहेत, तसेच अभियांत्रिकीचे व वाणिज्य शाखेचेही आहेत. या सर्वांनी मिळून सुमारे बारा मिनिटांचा एक रहस्यपट तयार करावयाचे ठरविले आहे. चित्रणास अद्याप आरंभ झालेला नाही. गेले काही महिने आम्ही दोनच कामे केली. चित्रपटाची आखणी केली, आणि तो ज्यांनी पाहावा अशी आमची इच्छा आहे, त्या माणसांना जाऊन भेटलो. या दुसऱ्या कामाने पहिल्या कामाला कसे वळण लावले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

रहस्यकथा म्हणजे हलके वाङ्मय, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून दिसतो. परंतु त्याच घरांतून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचली गेली, हेही तितकेच खरे. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने अनेकांना वाचनाची गोडी लावली. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला, आणि त्याच कथेवर १९६६ साली ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट निघाला. मराठी रहस्यपटाची कथा हिंदीने आपलीशी करावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे. विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांविषयी बोलावयाचे तर, पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. तेथील एक विद्यार्थी विधु विनोद चोप्रा यांनी १९७६ साली ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’ हा छोटा रहस्यपट केला, आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा आम्ही चाललो आहोत ती वाट अगदीच अनोळखी नाही.

आता आखणीविषयी. चित्रपट म्हणजे कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरणे, अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुतः थोड्या पैशात चित्रपट करावयाचा तर कॅमेरा हाती घेण्यापूर्वीच बहुतेक काम उरकावे लागते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, हे आपण जाणताच. परंतु त्यापूर्वी वाटाण्याचे रोप कसे वाढते, एवढाच विषय घेऊन त्यांनी एक अगदी छोटी चित्रफीत तयार केली होती. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. मोठ्या कामाआधी लहान नमुना करून दाखवावा, हा धडा आम्ही त्यांच्याकडूनच घेतला.

दुसरे उदाहरण परदेशातील आहे. क्रिस्टोफर नोलन यांनी १९९८ साली प्रदर्शित झालेला ‘फॉलोइंग’ हा आपला पहिला पूर्ण लांबीचा रहस्यपट नोकरीधंदा करणाऱ्या मित्रांना घेऊन जवळजवळ वर्षभर शनिवारी शनिवारी चित्रित केला. फिल्म महाग, म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या नाटकासारख्या तालमी करावयाच्या आणि मग एकदोनदाच कॅमेरा चालवावयाचा, असा त्यांचा क्रम होता. प्रकाश बहुधा खिडकीतून येईल तेवढाच, आणि जागा मित्रांच्या व आप्तांच्या. त्यांच्या काकांनी त्यात पोलिसाची भूमिका केली आहे. हे येथे मुद्दाम सांगण्याचे कारण, या सभागृहातही पुष्कळ काका बसलेले आहेत!

या धड्यांप्रमाणे आम्ही पटकथा लिहिली, प्रत्येक दृश्याचे रेखाचित्र काढून त्यांची चोपडी केली, आणि कोणत्या दिवशी कोणते दृश्य, कोणत्या खोलीत, किती वाजताच्या उजेडात घ्यावयाचे याचा तक्ता तयार केला. संपूर्ण चित्रपट एका इमारतीतील एक घर आणि त्यापुढचा जिना एवढ्यात घडतो. जागा जितकी लहान तितका खर्च कमी. शिवाय रहस्यपटात माणूस कोंडल्यासारखा दिसला पाहिजे, हेही आपोआप साधते.

मात्र ही पटकथा आमची पहिली पटकथा नव्हे. पहिलीत एका ओसाड वाड्यात रात्रीच्या वेळी पावले वाजत होती. ती बाजूस का ठेवली, हे सांगताना प्रेक्षकांच्या शोधाकडे वळावे लागते.

प्रेक्षकांचा कौल घेण्याची पद्धत नवी नाही. हॅरल्ड लॉईड हा विनोदी नट १९२० च्या दशकात आपला चित्रपट प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांना दाखवी, हशा कोठे येतो व कोठे येत नाही हे पाही, आणि त्याप्रमाणे फेरफार करी. जनमताच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेले जॉर्ज गॅलप यांनी १९४० च्या सुमारास हॉलिवूडसाठी प्रेक्षक-संशोधनाची संस्थाच काढली. आमच्यापाशी तसली साधने नव्हती. परंतु ज्ञातिसंस्थेने आम्हांस एक असे साधन दिले, जे मोठ्या कंपन्यांनाही सहसा मिळत नाही. ते म्हणजे उघडे दार. मुंबई, ठाणे, डोंबिवली व पुणे येथील कित्येक कुटुंबांनी आम्हांस घरात घेतले, चहा दिला, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांशी मोकळेपणी बोलू दिले.

‘तुम्हांस कसे चित्रपट आवडतात?’ हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. त्यास माणसे आपणांस शोभतील अशी उत्तरे देतात. त्याऐवजी तीन प्रश्न केले. कोणता चित्रपट अर्ध्यावर सोडलात, आणि का? चित्रपट पाहताना उठून दाराची कडी पाहून आलात, असे कधी झाले का? आणि तिसरा प्रश्न असा की, चित्रपट राहू द्या, अलीकडे आपणांस खरोखर भीती कशाची वाटली?

पहिल्या दोन प्रश्नांनी आम्हांस व्यवहाराच्या गोष्टी कळल्या. तरुण मंडळी मोबाईलच्या लहान पडद्यावर, कानाला यंत्र लावून, एकेकटी पाहतात. त्यांना चित्राच्या कोपऱ्यातील बारीक खूण दिसत नाही. वडील मंडळी दूरदर्शन संचासमोर बसतात, आणि मध्येच दारावर दूधवाला येतो; त्यांना पुटपुटलेले संवाद ऐकू येत नाहीत. म्हणून आमच्या चित्रपटातील महत्त्वाच्या खुणा आम्ही ओळखीच्या आवाजांवर सोपविल्या आहेत. कुकरची शिट्टी, लिफ्टचे दार, जिन्यावरील चपलांचा आवाज, असे हे आवाज आहेत. हिंसेचे दृश्य एकही नाही. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन सात, तेरा व सोळा अशा वयांनुसार प्रमाणपत्राचे वर्ग पाडण्यात आले आहेत. आजी आणि नात यांनी हा चित्रपट शेजारी बसून पाहावा, असा मात्र आमचा आग्रह आहे.

तिसऱ्या प्रश्नाने आमची पटकथाच बदलली. भुताखेतांचे, ओसाड वाड्यांचे नाव वडील मंडळींपैकी कोणीही काढले नाही. एकापाठोपाठ एक घरात एकच उत्तर आले. फोनची भीती वाटते.

हा फोन कसला, ते आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल. पलीकडचा माणूस सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले गेले आहे. मग मोबाईलच्या पडद्यावर गणवेशातील अधिकारी दिसतो, त्याच्या मागे कचेरी दिसते, शिक्कामोर्तब केलेले कागद येतात. ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, फोन बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका.’ असा दरारा तासन् तास, कधी दिवसेंदिवस चालतो. अखेरीस चौकशीच्या निमित्ताने सारी ठेव एखाद्या खात्यात भरावयास लावतात. वस्तुतः डिजिटल अटक असा प्रकारच आपल्या कायद्यात नाही, आणि कोणतेही पोलीस ठाणे पडद्यावरून पैसे मागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात लोकांना याविषयी सावध केले.

विषय मिळाला, परंतु त्याबरोबर एक अडचणही आली, आणि तीच आमच्या साऱ्या संशोधनाचे सार आहे. चाचणीसाठी आम्ही या फोनचा दोन मिनिटांचा एक प्रसंग मोबाईलवर चित्रित केला आणि काही घरांत दाखविला. दाखविताना आम्ही पडद्याकडे नव्हे, पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. तरुण हसले. ‘इतके कसे कळत नाही?’ असे ते म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेली आजी हसली नाही. तिने विचारले, ‘पण खरोखरच पोलीस असले तर?’ एकाच सोफ्यावर दोन प्रेक्षक बसले होते. एकाला सर्व ठाऊक, म्हणून त्याला भय नाही. दुसऱ्याला भय आहे, पण ते बोलून दाखविण्याची लाज वाटते.

अल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ साली दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला दिला आहे. बॉम्ब अकस्मात फुटला तर प्रेक्षक काही क्षण दचकतो. परंतु तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाशी बसलेल्यांना कळले नाही, तर त्यांच्या साध्या गप्पाही तो पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकतो. हा दाखला आम्हांस येथे उपयोगी पडला. फोन खोटा आहे हे रहस्य आम्ही ठेवलेलेच नाही. पहिल्याच दृश्यात तो बनावट अधिकारी गणवेशाची गुंडी लावताना दिसेल; त्याच्या कचेरीची भिंत म्हणजे खिळ्याला टांगलेला छापील पडदा आहे, हेही दिसेल. म्हणजे आजी आणि नातू दोघांनाही एकाच वेळी सारखेच ठाऊक होईल. मग घरात एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका फोनसमोर बसलेली दिसेल, आणि शेजारची मुलगी वाटी परत द्यावयास म्हणून दाराशी येऊन घंटा वाजवील. फोन खरा की खोटा, हा प्रश्न उरतच नाही. त्या बाई दार उघडतील काय, एवढाच प्रश्न उरतो. त्या पहिल्यांदा उठत नाहीत. मुलगी एक पायरी उतरते. येथे हसणाऱ्या तरुणाचे हसू थांबेल, अशी आमची अपेक्षा आहे. कारण आता खेळ त्या बाईंच्या अकलेचा राहिलेला नाही, तर जिन्यावरच्या त्या मुलीच्या चिकाटीचा झाला आहे.

शेवट सांगण्याची येथे परवानगी नाही. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या भेटींत काहींनी आम्हांस असे सांगितले की, जे त्यांनी आपल्या मुलांनाही सांगितले नव्हते. त्यांची नावे व हकीकती आम्ही कोठेही लिहून ठेवलेल्या नाहीत, आणि चित्रपटातही घेतलेल्या नाहीत. विश्वासाने सांगितलेले दुःख ही कथेची सामग्री नव्हे. मात्र ते गप्प का राहिले, याचे त्या सर्वांनी दिलेले कारण एकच होते, आणि ते या सभेत उच्चारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ‘ज्ञातीत बभ्रा होईल.’ ठग सांगतो, कोणाला सांगू नका. आणि त्याचे उरलेले काम आपल्या कुजबुजीच्या धाकाने होते. ज्या ज्ञातीने पिढ्यान् पिढ्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्याच्या उशाशी माणूस बसविला, तिचे नाव घेऊन कोणी संकटात मुका व्हावा, हे आपणांपैकी कोणालाही रुचणार नाही. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले असता पैसे वाटेतच गोठविले जाण्याची शक्यता असते. पहिले काही तास फार मोलाचे असतात. आणि नेमके तेच तास लाजेत जातात.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. जिन्याला खिडकी असलेले एक घर चार रविवारांपुरते हवे आहे. शिक्षिकेच्या भूमिकेसाठी पासष्टीच्या पुढील एक भगिनी हव्या आहेत. अभिनयाचा अनुभव नसला तरी चालेल, तालमी पुष्कळ होतील. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाला करावे लागले, कारण कोणत्याही घरची स्त्री पुढे येईना. तसा प्रसंग आज आमच्यावर येणार नाही, असा भरवसा आहे. शिक्षण निधीतील एकही पैसा आम्हांस नको. खर्च आम्ही आपापसात वाटून घेतला आहे. आणि चित्रपट पुरा होईल तेव्हा तरुणांनी आपल्या घरातील वडील मंडळींना बरोबर घेऊन यावे, व शेजारी बसावे. पडद्याकडे पाहता पाहता एखादे वेळी त्यांच्या चेहऱ्याकडेही पाहावे.