डिझेल इंजिनाचा आवाज व धूर

सोलापुराहून तुळजापुरास जाणारा रस्ता बालाघाटाच्या चढणीस लागला, म्हणजे जुनी भरलेली मालमोटार दुरूनच ओळखूं येई. तिचा वेग मंदावे, इंजिन ठणठण वाजूं लागे आणि मागें काळा धूर पसरे. आवाज, धूर व डिझेलचा खप या तीन निरनिराळ्या तक्रारी वाटतात. परंतु पुष्कळ अंशीं तिहींचें मूळ एकच आहे. डिझेल इंजिनांत कोणत्या क्षणीं, किती व किती बारीक होऊन शिरतें, यावर तें सारें अवलंबून असतें.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनियराचें इंजिन 1897 सालीं यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगीची योजना नाहीं. दट्ट्या हवेस दाबून सुमारें सोळाव्या हिश्शाइतकी आकसवितो. त्यामुळें ती इतकी तापते कीं, तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. मात्र तें तत्काळ पेटत नाहीं. पहिला थेंब शिरल्यापासून ज्वाला उठेपर्यंत एका सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागाइतका काळ जातो. तेवढ्यांत मागून येणारें डिझेल सांठतें आणि मग सर्व एकदम भडकतें. सरपणावर रॉकेल ओतून मागाहून काडी लावावी, तसाच हा प्रकार. त्या आघातानें सिलिंडर थरारतो. तीच ती ठणठण.

जुन्या पंपाचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. घाटांत इंजिनाचे फेरे कमी झाले कीं दाबहि उतरे, थेंब जाड पडत, त्यांना पुरती हवा मिळत नसे आणि काजळी धरे.

1997 पासून मोटारींत आलेल्या ‘कॉमन रेल’ पद्धतीनें हा दोष पुष्कळ दूर केला. एका जाड नळींत डिझेल 2,000 बारपर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक दाबाखालीं सांठविलेलें असतें. मोटारीच्या चाकांतील हवेच्या तुलनेंत हा दाब सुमारें हजारपट होतो. इंजिन मंद फिरो वा जलद, दाब हवा तेवढा राखतां येतो. शिवाय इंजेक्टर एका फेऱ्यांत अनेकदां उघडतो. प्रथम चिमूटभर डिझेल जाऊन विस्तव तयार होतो. मग मुख्य भाग शिरतो व येतां येतांच जळतो. भडका टळला म्हणजे आवाज निवतो. फवारा बारीक झाल्यानें काजळी घटते, आणि वेळ नेमकी साधल्यानें डिझेलचें चीज होतें.

तथापि यांतहि देवघेव आहे. ज्वलन फार प्रखर झालें, तर हवेंतीलच नायट्रोजन व प्राणवायु संयोग पावून विषारी वायु बनतात. तें टाळण्यास फवारा उशिरां सोडावा, तर काजळी व खप वाढतो. म्हणून 1 एप्रिल 2020 पासून भारतभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ नियमांसाठीं इंजेक्टर एकटा पुरत नाहीं. धुराच्या नळीवर काजळीची गाळणी व मोठ्या गाड्यांना बहुधा युरियाचें द्रावणहि लागतें. डिझेलमधील गंधकाचें प्रमाणहि तेव्हां दशलक्षांत 50 वरून 10 भागांवर आणलें गेलें. ही दक्षता निष्कारण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2012 सालीं डिझेलचा धूर मानवास कर्करोगकारक ठरविला आहे. तुळजापुरास पायीं जाणारा यात्रेकरू तोच धूर श्वासाबरोबर घेतो.

नव्या इंजेक्टराचें सामर्थ्य त्याच्या नाजुकपणांत आहे. आंतील भागांमधली फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी असते. शेतावरील उघड्या पिंपांतली धूळ, पाण्याचा अंश किंवा भेसळीचें रॉकेल तेथें पोंचलें, तर तोटी झिजते अथवा अडकते, डिझेल ठिबकूं लागतें आणि जुना आवाज, जुना धूर व जुना खर्च तिघेहि परत येतात. झांकलेलें पिंप, वेळेवर बदललेला फिल्टर आणि पाणी वेगळें करणाऱ्या भांड्याचा नियमित निचरा, एवढी काळजी ट्रॅक्टरवाल्यानें घेतली, तर हजारों रुपयांची दुरुस्ती वांचते. आणि वाटेवरच्या माणसास स्वच्छ हवा लाभते, ती निराळीच.