लोकसेवकांचा गौरव : का, कोणाचा आणि कसा?



सुवर्णमहोत्सव म्हटला की देणगीदारांचा, ज्येष्ठांचा आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार ओघानेच येतो. त्यांच्या जोडीला शासकीय कर्मचाऱ्यांच्या सत्काराचा विचार निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्याला कामाचा पगार मिळतो, त्याने काम केले तर त्यात गौरव कसला? दुसरा प्रश्न सहसा मोठ्याने विचारला जात नाही, पण मनात असतोच. ज्या कार्यालयात समाजातील व्यापाऱ्यांची व उद्योजकांची कामे पडून आहेत, तेथील अधिकाऱ्याला शाल घालणे हा गौरव, की सोय? या दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर दिल्याशिवाय हार घालणे योग्य होणार नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या परिसराच्या इतिहासातच आहे. पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी खाजगी भांडवलाने घडविली, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा आहे, पण अपुरा आहे. पिंपरीचे नाव देशभर प्रथम पोहोचविले ते एका सरकारी कारखान्याने. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील देशातील पहिली औषधनिर्मिती कंपनी येथे स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. डॉ. मं. जी. तिरुमलाचार यांच्यासारखे शास्त्रज्ञ येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. बुरशीजन्य रोगांवरील 'हॅमायसिन' हे औषध याच प्रयोगशाळेत शोधले गेले, आणि त्याच्या नावाची पहिली अक्षरे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या इंग्रजी नावावरून आली. सरकारी पगारावर काम करणाऱ्या माणसांनी पिंपरीच्या माळावर केलेले हे संशोधन आहे.

पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. या प्रत्येक तारखेमागे मोजणी करणारे भूमापक, नोंदी लिहिणारे तलाठी, नकाशे काढणारे अभियंते आणि नळजोडण्या देणारे कर्मचारी उभे आहेत. कारखान्याच्या कोनशिलेवर उद्योगपतीचे व मंत्र्याचे नाव असते. ज्याने त्या भूखंडाची हद्द उन्हात उभे राहून बिनचूक आखली, त्याचे नाव कोठेही कोरलेले नसते.

चांगल्या शासकीय कामाचा स्वभावच असा आहे, की ते दिसत नाही. रावेत येथे पवना नदीतून उचललेले पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन घरोघरी पोहोचते, त्या दिवशी व्हॉल्व्ह फिरविणाऱ्याची आठवण कोणालाही होत नाही. पाणी आले नाही, की मात्र त्याचा शोध सुरू होतो. कचरा उचलला गेला तर ती बातमी होत नाही आणि तुंबला तर होते. चूक तेवढी दिसते आणि चोख काम नजरेआड राहते. पगार हा कामाचा मोबदला आहे, हे खरे. परंतु त्या कामाकडे कोणाचे लक्ष आहे, ही जाणीव पगारातून मिळत नाही. ती समाजानेच द्यावयाची असते.

गौरव नेमका कशाचा करावयाचा, याचा धडा चाकणच्या मातीतच सापडतो. १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, शिबंदी थोडी आणि समोर मोगलांची अफाट फौज. तरीही किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी सुमारे दोन महिने किल्ला झुंजविला. अखेर तो पडला. शाहिस्तेखानाने चाकरीचे आमिष दाखविले, ते फिरंगोजींनी नाकारले आणि ते स्वराज्यात परतले. किल्ला गमावून आलेल्या या किल्लेदाराचा शिवाजी महाराजांनी मान राखला आणि पुढे त्यांच्याकडे भूपाळगडाची जबाबदारी सोपविली. हाती यश नसतानाही निष्ठेची कदर झाली, हे यातील सार आहे. आजच्या गौरवाचीही कसोटी तीच असावी. ज्याच्या कार्यकाळात मोठी इमारत उभी राहिली तो आपोआप गुणवंत ठरत नाही. हाताशी तुटपुंजी साधने असताना कोण आपल्या जागी टिकून राहिला, हे पाहावे लागते.

एका माणसाचे सचोटीचे काम संपूर्ण व्यवस्थेला वळण लावू शकते, याचेही दाखले महाराष्ट्रात आहेत. १९८० च्या दशकात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची पुनर्रचना केली. नागरिकाने या टेबलावरून त्या टेबलावर फिरू नये आणि कोणता कागद कोठे आहे हे तत्काळ कळावे, हा तिचा हेतू होता. 'लखिना पॅटर्न' या नावाने ती पद्धत राज्यभर ओळखली गेली. सहा गठ्ठ्यांची पद्धत कार्यालयांतून रुजली ती याच विचारातून. प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, असे सहा वेगळे गठ्ठे. बाहेरच्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण निवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या विधवेचा अर्ज नको त्या गठ्ठ्यात दबून राहिला, तर तिच्या घरची चूल त्याचे परिणाम भोगते.

आपल्या शहरातही असे उदाहरण घडले. डॉ. श्रीकर परदेशी महानगरपालिकेचे आयुक्त असताना २०१३ साली 'सारथी' ही मदतसेवा सुरू झाली. कोणत्या दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, तक्रार कोणाकडे करावयाची, याची माहिती एका दूरध्वनीवर मिळू लागली. ज्या माहितीसाठी पूर्वी ओळख काढावी लागे, ती कोणाही नागरिकाला विनासायास मिळावी, हे त्या सेवेचे मर्म होते. तीन वर्षांचा कालावधी पूर्ण होण्याआधीच फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांची बदली झाली, तेव्हा अनेक नागरिकांनी तिला उघड विरोध केला. अधिकाऱ्याला मिळालेले ते खरे मानपत्र म्हणावे लागेल. मात्र त्याच वेळी हेही लक्षात घ्यावयास हवे, की अशी सेवा एकटा आयुक्त चालवीत नाही. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसून दिवसभर संयमाने उत्तरे देणारे आणि आलेली तक्रार त्या त्या विभागाकडून तडीस नेणारे कर्मचारी तिच्यामागे असतात. प्रमुखाचा गौरव होतो तेव्हा त्यांचेही स्मरण झाले पाहिजे.

कायद्याने हे काम का होत नाही, असे कोणी म्हणेल. कायदे आहेत. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा सांगतो, की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. त्यात अपिलांची तरतूद आहे, स्वतंत्र आयोग आहे आणि कसूर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. प्रत्येक नागरिकाने हे हक्क जाणून घ्यावेत. परंतु दंडाच्या भीतीने मुदत पाळली जाईल, त्यापलीकडे काही होणार नाही. अर्ज कसा लिहावा हे न कळणाऱ्या वृद्धाला खुर्ची देऊन बसविणे आणि त्याचा अर्ज नीट भरून घेणे कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथून गौरवास पात्र असलेल्या कामाला सुरुवात होते.

चाकणहून नाशिक रस्त्याने मंचर गाठले, की तेथून माळीण गावाकडे रस्ता जातो. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली दगावली. गाव गाडले गेल्याचे त्या सकाळी लक्षात आले ते राज्य परिवहनच्या एका बसचालकाच्या. रोजच्या वाटेवर नेहमीचे गाव दिसेना, हे त्याने पाहिले आणि ती खबर पोहोचविली. त्यानंतर मदतीची चक्रे फिरली. दुर्गम वाडीपर्यंत भर पावसात ठरल्या वेळी गाडी नेणे हे त्याचे रोजचेच काम होते. ते रोज होत होते, म्हणूनच त्या सकाळी कोणीतरी तेथे पोहोचले.

मार्च २०२० चे दिवस तर सर्वांच्याच स्मरणात आहेत. ९ मार्च रोजी पुण्यात राज्यातील पहिले करोनाबाधित आढळले आणि पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. घराघरांची दारे बंद असताना यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक, रुग्णवाहिकांचे चालक आणि रस्ते झाडणारे सफाई कामगार यांना घरी बसण्याची मुभा नव्हती. त्या काळात टाळ्या वाजल्या, दिवे लागले. साथ ओसरल्यावर त्यांपैकी कितीजणांची नावे समाजाच्या लक्षात राहिली, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

आता दुसऱ्या, अवघड प्रश्नाकडे वळावयास हवे. या पट्ट्यात समाजबांधवांची दुकाने आहेत, गोदामे आहेत, लघुउद्योग आहेत. जकात नाक्यापासून वस्तू व सेवा कराच्या कार्यालयापर्यंत आणि बांधकाम परवान्यापासून अग्निशमन दाखल्यापर्यंत त्यांचा शासनाशी रोजचा संबंध आला आहे आणि येत राहील. अशा स्थितीत सत्काराचे रूपांतर ऋणात होण्यास वेळ लागत नाही. सरकारनेही हा धोका ओळखला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील चौदाव्या नियमानुसार, शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्मचाऱ्याला मानपत्र स्वीकारता येत नाही आणि आपल्या सन्मानार्थ भरलेल्या सभेला उपस्थितही राहता येत नाही. निवृत्ती वा बदलीच्या वेळचा खाजगी निरोप समारंभ आणि सार्वजनिक संस्थांचे साधे, अल्पखर्चाचे कार्यक्रम यांना तेवढी सवलत आहे. राज्य कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या नियमांतही भेटवस्तू स्वीकारण्यावर निर्बंध आहेत.

जैन श्रावकाला हे नियम परके वाटण्याचे कारण नाही. कृत, कारित आणि अनुमोदित असे कर्माचे तीन मार्ग लहानपणापासून ऐकलेले असतात. सत्कार्याच्या अनुमोदनाने पुण्याचा वाटा मिळतो, तसा अयोग्य कृत्याच्या अनुमोदनाने पापाचाही मिळतो. म्हणून सभागृहात टाळी वाजविणारा प्रत्येकजण त्या निवडीला जबाबदार ठरतो. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांपैकी प्रमोद म्हणजे गुणवंताला पाहून होणारा निर्मळ आनंद. त्या आनंदात अपेक्षा मिसळली, की तो प्रमोद उरत नाही आणि त्याचा व्यवहार होतो.

म्हणून अशा गौरवासाठी संस्थांनी काही पथ्ये पाळावीत. ज्या अधिकाऱ्यासमोर संस्थेचे वा विश्वस्तांचे प्रकरण प्रलंबित आहे, त्याचा त्या काळात सत्कार करू नये. कार्यालयप्रमुखांची रीतसर परवानगी घ्यावी. नावे सुचविण्याचा अधिकार ज्यांना सेवा मिळाली त्यांना द्यावा. रुग्णाचे नातेवाईक, शाळेतील मुलांचे पालक, वस्तीतील रहिवासी यांच्याइतकी खरी शिफारस दुसरी कोणाची असणार? निवड करताना जात, धर्म, पंथ पाहू नये आणि हुद्दाही पाहू नये. कंत्राटावरील सफाई कामगार कागदोपत्री शासकीय कर्मचारी नसला, तरी शहराची सेवा तोही करतो, त्याला वगळू नये. मानपत्रात विशेषणांची आरास करण्यापेक्षा त्या व्यक्तीने कोणते काम केले आणि त्याने कोणाचे भले झाले, हे दोन-चार वाक्यांत लिहावे. भेट म्हणून शाल, श्रीफळ आणि एखादे चांगले पुस्तक पुरेसे आहे. सत्काराच्या वेळी त्या व्यक्तीच्या कुटुंबीयांनाही मानाने व्यासपीठावर बसवावे, कारण रात्रपाळीचा आणि सणासुदीच्या हजेरीचा भार त्यांनीही उचललेला असतो.

२१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये सरदार पटेलांनी नव्या प्रशासकीय अधिकाऱ्यांपुढे भाषण केले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २१ एप्रिल हा देशात नागरी सेवा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीतील पुरस्कार वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचतात. वॉर्डातील आरोग्यसेविका, चौकीतील हवालदार, वादळात खांबावर चढणारा वीज कर्मचारी आणि चाकणच्या परिसरातील ग्रामसेवक यांच्यापर्यंत दिल्लीची नजर पोहोचणे कठीण आहे. स्थानिक संस्थेची नजर मात्र तेथे सहज पोहोचते.

गौरवार्थींनो, आज मिळालेली शाल कोणत्याही परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही. उद्या या सभागृहातील एखादा सद्गृहस्थ कार्यालयात आला आणि त्याचा अर्ज नियमात बसत नसेल, तर तो निःसंकोचपणे नाकारावा. त्या नकारानेही या सत्काराचा मानच राखला जाईल. आणि बंधू-भगिनींनो, असा नकार मिळाल्यावर मनात कटुता न आणता परत फिरणे, ही समाजाची बाजू आहे. दोन्ही बाजूंनी एवढे पाळले गेले, तर सुवर्णमहोत्सवात सुरू झालेली ही प्रथा हीरकमहोत्सवापर्यंत निर्मळ राहील, असा विश्वास आहे. सर्व गौरवार्थींना हार्दिक अभिनंदन आणि पुढील सेवेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

जय जिनेंद्र.