बाजू घेताना : सुरतेचा धडा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे गौरवगान होणे स्वाभाविकच आहे. परंतु आज या मंडपात जमलेल्या स्नेहीजनांमध्ये राजकीय मतांची दरीही मोठी आहे. एका बाकावर बसून शिकलेले मित्र मतभेदापायी एकमेकांच्या घरचे कार्य टाळतात. पंगतीत बसलेले पिता-पुत्र काही विषय मुद्दाम वर्ज्य करतात. अशा वेळी विचारी माणसापुढे प्रश्न उभा राहतो : बाजू घ्यावी, की तटस्थ राहावे? या प्रश्नाचे एक उद्बोधक उदाहरण याच गुजरातच्या भूमीवर, सुरतेत, १९०७ साली घडले.

राष्ट्रीय सभेत तेव्हा जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष पडले होते. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव संमत झाले होते. मवाळ मंडळी ते सौम्य करतील, अशी शंका लोकमान्य टिळकांच्या अनुयायांना होती. अधिवेशनाचे स्थळ नागपूरहून सुरतेला हलवण्यात आल्याने ती शंका अधिकच बळावली. अध्यक्षपदासाठी मवाळांनी रासबिहारी घोष यांना पुढे केले. जहालांनी लाला लजपतराय यांचे नाव सुचवले.

लालाजी नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते. लाल-बाल-पाल या त्रयीतील ते एक. त्यामुळे ते कोणाच्या बाजूचे, याविषयी कोणालाच संदेह नव्हता. दुसरीकडे नामदार गोखले हेही त्यांचे स्नेही. १९०५ साली राष्ट्रीय सभेचे प्रतिनिधी म्हणून दोघे इंग्लंडला गेले होते. आपल्या नावावरून सभा दुभंगू नये, म्हणून लालाजींनी अध्यक्षपद नाकारले. इतकेच करून ते स्वस्थ बसले नाहीत. दोन्ही पक्षांच्या पाच-पाच प्रतिनिधींनी एकत्र बसून तोड काढावी, अशी सूचना घेऊन त्यांनी मध्यस्थीही केली.

ती मध्यस्थी फसली. २६ डिसेंबरला गोंधळात सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक व्यासपीठावर बोलण्यास उभे राहिले असता गदारोळ माजला, व्यासपीठाच्या दिशेने जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा उधळली. पुढील वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ च्या लखनौ अधिवेशनात. तोवर गोखले आणि फिरोजशहा मेहता हे मवाळांचे दोन्ही धुरीण कालवश झाले होते. गोखल्यांच्या अंत्यविधीला टिळक उपस्थित राहिले आणि आयुष्यभराच्या या प्रतिपक्ष्याचा त्यांनी मुक्तकंठाने गौरव केला. मात्र तो गौरव ऐकण्यास गोखले नव्हते.

मग लालाजी भित्रे होते काय? त्याचे उत्तर १९२८ साली मिळाले. सायमन कमिशनविरुद्ध लाहोरात निघालेल्या मिरवणुकीच्या अग्रभागी ते होते. ३० ऑक्टोबरला त्यांच्यावर लाठ्या पडल्या. १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. एकाच ध्येयाच्या दोन वाटांचा वाद कोणता आणि अन्यायाशी द्यावयाचा लढा कोणता, हा विवेक त्यांच्यापाशी होता. पहिल्या प्रसंगी त्यांनी पद सोडले, दुसऱ्या प्रसंगी जागा सोडली नाही.

तटस्थता हा स्वतःहून सद्गुण नव्हे. दुर्बळावर अन्याय होत असताना पाळलेले मौन बलवानाच्याच पारड्यात पडते. त्याचप्रमाणे बाजू घेणे हेही स्वतःहून शौर्य नव्हे. जमावाबरोबर घोषणा देण्यास धैर्य लागत नाही. बाजू प्रश्नागणिक ठरवावी. एकदा गटात शिरलो म्हणून त्या गटाची प्रत्येक चूक पाठीशी घालू नये. आणि बाजू घेतल्यावरही प्रतिपक्षाच्या घरी जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

याचे शिक्षण शाळेत फार लवकर सुरू होते. वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी निघेल ती बाजू मांडावी लागते. मनाविरुद्धची बाजू समर्थपणे मांडायची, तर प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट समजून घ्यावे लागते. व्यासपीठावर एकमेकांना निरुत्तर करणारी मुले मधल्या सुट्टीत एकाच डब्यातील पोळी-भाजी वाटून खातात. परप्रांतात साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालली, तीही सर्वांची मते एक होती म्हणून नव्हे. निरनिराळ्या मतांच्या माणसांनी या एका कार्यासाठी एकमेकांना धरून ठेवले, म्हणून ती चालली.

माजी विद्यार्थ्यांनी आपली मते जरूर बाळगावीत, प्रसंगी ती ठामपणे मांडावीत. मात्र मतभेदामुळे ज्या वर्गमित्राशी बोलणे थांबले आहे, तो आज याच मंडपात असेल, तर समारंभ संपण्यापूर्वी त्याची भेट घ्यावी. टिळक-गोखल्यांना न मिळालेला तो अवसर येथे अजून उपलब्ध आहे.