रेडियमचे यंत्र आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझा सारा दिवस यंत्रापुढे उभे राहण्यात जातो, आणि यंत्राशी बोलावे लागत नाही. त्याचे फक्त ऐकावे लागते. पण अध्यक्षाबाईंनी निरोप धाडला की, “आपल्या खोलीतले ते कापायचे यंत्र ठेवायचे की विकायचे, याचा निर्णय करायचा आहे, त्याआधी तुम्ही दोन शब्द सांगा.” म्हणून आले. दोन शब्दांचे थोडे जास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

दिवाळीला काय घडले ते तुम्हाला ठाऊक आहेच. कापडाच्या एका दुकानदाराने ‘शुभ दीपावली’ची चिकटपत्रे मागविली होती. आपल्या मुलींनी रात्र जागून कापली. सकाळी पाहतात तो प्रत्येक अक्षर निराळे, शिरोरेषेचे तुकडे तुकडे. दुकानदार म्हणाला, “हे शुभ दीपावली हाय का फुटक्या बांगड्या जी?” माल परत आला, रोल वाया गेला. पुढे पंधरा दिवसांनी एका मुलीचे बोट कापले. तेव्हापासून यंत्रावर चादर आहे, आणि ‘हे बायकांचे काम नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना बोलायला जागा मिळाली आहे.

आधी हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. बाजारात आपण ह्या कामाला ‘रेडियम’ म्हणतो. इंग्रजी नाव व्हिनाइल कटिंग प्लॉटर. वरती रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्याच्या पोटाशी गोंद, आणि खाली गुळगुळीत कागद, असा त्या रोलचा थाट. पापुद्र्याची जाडी एका मिलिमीटरच्या साधारण बाराव्या हिश्शाइतकी. संगणकावर काढलेल्या अक्षराच्या कडेने एक लहानसे पाते फिरते. पाते डावी-उजवीकडे धावते, रोल पुढे-मागे सरकतो, आणि दोन्ही मिळून गोलाई निघते. ह्यात युक्ती एवढीच की, पापुद्रा कापला जावा आणि खालचा कागद शाबूत राहावा. तुम्ही शंकरपाळे कापता तेव्हा पोळी कापता, पोळपाट कापीत नाही. हे यंत्र तेच करते. शंकरपाळे ज्या हाताला जमले त्या हाताला हे जमणार नाही, असे मला कोणी सांगू नये.

आता बिघाडाकडे वळते. यंत्र बिघडले की आपण पहिली चूक करतो ती ही की चार खटके एकदम फिरवितो. मग सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही. माझा नियम असा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली ती वहीत लिहायची. आधी स्वस्त उपाय, मग महाग. नव्या रोलवर काम सुरू करण्याआधी कोपऱ्यात एक लहान चौकोन कापून पाहायचा. चौकोन सोलून निघाला आणि खालच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला, तर सारे ठीक.

चौकोन निघत नसेल तर पाते कमी बाहेर आहे किंवा दाब कमी आहे. कागदही कापला जात असेल तर दोन्हींपैकी एक जास्त आहे. पाते त्याच्या नळीतून किती बाहेर असावे? बँकेच्या कार्डाच्या जाडीच्या निम्मे, एवढे धरून चाला. पुष्कळजणी पाते खूप बाहेर काढतात आणि दाब कमी ठेवतात; मग टोक मोडते आणि खालची पट्टी चिरते. पाते आधी ठरवा, मग दाब. दाब ग्रॅममध्ये मोजतात. साध्या पापुद्र्याला ऐंशीच्या आसपास सुरुवात करावी आणि दहा-दहाने चढवावे. भाजीत मीठ घालतो तसे. जास्त झाले तर काढता येत नाही.

कोपरे गोल येत असतील, किंवा अक्षराची सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटत नसतील, तर पात्याच्या नळीत कचरा अडकलेला असतो. हे पाते हातगाडीच्या फिरत्या चाकासारखे असते. टोक मधल्या आसाच्या जरा मागे राहून ओढत येते. ते मागे राहणे बहुतेक पात्यांत पाव मिलिमीटर असते, आणि तोच आकडा यंत्राला सांगितलेला असावा लागतो. आकडा चुकला की कोपरे चुकले. नळीत प्लास्टिकचा धागा अडकला तर पाते वळतच नाही. नळी साफ करून पाहा, आकडा तपासा, तरीही कोपरे बिघडत असतील तर पाते बोथट झाले समजावे. आणि नेहमी एकाच जागी कापले जात नसेल, तर पात्याखालच्या पांढऱ्या पट्टीला खाच पडली आहे. ती पट्टी बदलावी लागते.

रोल तिरपा जात असेल तर यंत्राला दोष देऊ नका. वरची दाबाची चाके खालच्या खरखरीत चाकांच्या बरोबर वर हवीत, दोन्ही कडांना एकेक. लागेल तेवढा पन्हा आधीच सैल उलगडून ठेवावा. भरलेल्या रोलला ओढत यंत्र कापू लागले की घसरते. काम लांब असेल तर पूर्ण लांबी एकदा पुढे नेऊन परत आणावी, तिरपेपणा आधीच दिसतो.

आणि आपल्या नागपूरचा एक खास रोग आहे, कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की कूलर लागतोच, पण त्याचा ओला वारा रोलवर आला की खालचा कागद ओल पितो, फुगतो आणि पापुद्र्यापासून सुटून लाटा काढतो. मग कोणतेही यंत्र सरळ कापणार नाही. उलट कोरड्या हवेत प्लास्टिकवर वीज साठते, ठिणगी बसते आणि यंत्र मधेच थांबते किंवा वेडीवाकडी रेघ मारते. तेव्हा कूलरचे तोंड फिरवा, रोल पिशवीत उभे ठेवा, उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवा, आणि यंत्राला तीन पायांची, जमिनीशी नीट जोडलेली वीज द्या. संगणक मधेच झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करा आणि त्याची तार कूलरच्या मोटारीजवळून नेऊ नका.

राहिली आपली दिवाळी. त्या रात्री यंत्रात काहीही बिघाड नव्हता! देवनागरीत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या शिरोरेषेवर चढते. कागदावर छापले तर ते दिसत नाही. पात्याला मात्र सांगितले तेवढेच कळते. ते प्रत्येक अक्षराची कड निराळी कापते आणि रेषा तुटते. उपाय सोपा: अक्षरे रेषांत बदलून घ्यावी आणि ‘वेल्ड’ नावाच्या आज्ञेने ती एकमेकांत सांधावी. कापण्याआधी संगणकावर नुसत्या कडा पाहाव्या. शब्दाच्या पोटात आडवी रेघ दिसली की थांबावे. हे त्या मुलींना कोणी सांगितलेच नव्हते. मग दोष कोणाचा?

नको असलेला भाग सोलून काढणे हे तर तांदूळ निवडण्यासारखे काम. घाई केली की अनुस्वार कचऱ्याबरोबर निघून जातो. मी स्वतः एका पाटीवर ‘गांधीबाग’चे ‘गाधीबाग’ करून दिले आहे, आणि पाटी दोन दिवस लागलेली होती! तेव्हापासून कापणारीने निवडू नये आणि निवडणारीने तपासू नये, असा माझा दंडक आहे. तिसऱ्या डोळ्यांना चूक दिसते.

आता त्या कापलेल्या बोटाविषयी बोलते. हे सांगण्यासाठीच मी आज आले.

हे यंत्र दिसायला गरीब. त्याचे डोके मात्र वाऱ्यासारखे धावते आणि समोर कोणाचा हात आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, वेणी बांधलेली, मंगळसूत्र आत, बांगड्या वर सारलेल्या. पदर चाकांत गेला की यंत्र तोही रोलसारखाच ओढते. हात घालायचा तर आधी थांबवायचे. पाते बदलायचे तर वीज बंद करून, पिन काढून. पात्याची धार बोटाने कधी पाहू नये, प्लास्टिकच्या तुकड्यावर पाहावी. खाली पडलेल्या गुळगुळीत कागदावरून पाय घसरतो. तो लगेच उचलावा. चिकटविताना लागणारे साबणाचे पाणी निराळ्या टेबलावर ठेवावे. कपड्यांवर छाप उठविण्याचा तवा दीडशे अंशांपर्यंत तापतो; भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, हळद-पेस्ट लावू नये. मुलांना त्या खोलीत प्रवेश नाही.

जुने पाते कचऱ्याच्या टोपलीत टाकणे हे मी पाप समजते. ती टोपली सकाळी जिच्या हातात जाते तीही आपलीच बहीण आहे. झाकणाचा डबा करा आणि त्यावर ‘पाती’ असे लिहा. उरलेले प्लास्टिक शेकोटीत घालू नका. ते जळले की आम्लाचा विषारी वायू निघतो. त्याच कारणासाठी हे प्लास्टिक लेझरच्या यंत्रावर कापून घ्यायलाही कोणाकडे देऊ नये. आणि गाडीच्या नंबराच्या पाट्या करून मागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारमान्य सुरक्षा पाटीच लागते.

त्या मुलीचे बोट पाते बदलताना कापले. वीज चालू होती. पण मला अधिक वाईट वाटले ते पुढचे ऐकून. तिने बोट पदराखाली लपविले आणि दोन दिवस कोणाला सांगितले नाही. का? “सांगितलं तर मशीन बंद करतील जी,” असे ती मला म्हणाली. तिला धनुर्वाताची सुई मिळाली ती दोन दिवसांनी.

आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियमचा कणही नसतो. अंधारात चमकते म्हणून ते नाव लोकांच्या तोंडी बसले. पण खऱ्या रेडियमची एक गोष्ट आहे. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी ते शोधले. पुढे १९१७ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावण्याच्या कामावर मुली ठेवल्या गेल्या. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठात धरायला त्यांना शिकविले होते. यात अपाय नाही ना, असे त्यांनी विचारले, तेव्हा नाही असे उत्तर मिळाले. कित्येकींची हाडे सडली, कित्येक मरण पावल्या. शेवटी ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणी कोर्टात गेल्या, आणि १९२८ मध्ये त्यांना भरपाई मिळाली. त्या मुलींना धीट म्हणतात. मला वाटते, मुलींना धीट व्हावेच लागू नये अशी जागा आपण केली पाहिजे.

आणि ह्याचे उदाहरण शोधायला सातासमुद्रापार कशाला जायचे? ह्याच नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आज मिल नाही, पण तिचे एक काम विसरण्याजोगे नाही. कामगाराला अपघात झाला तर भरपाई देण्याची पद्धत तिथे १८९५ पासून होती; तसा कायदा देशात व्हायला १९२३ उजाडले. आपल्या शहराच्या गिरणीने जे सव्वाशे वर्षांपूर्वी केले, ते आपल्या मंडळाला एका यंत्रापुरते करता येऊ नये काय?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. यंत्रावर एकटीने काम करू नये, दोघी असाव्या. यंत्राशेजारी वही असावी, आणि तिच्यात बिघाडाइतकीच दुखापतही न लाजता लिहावी. दुखापतीचा औषधपाण्याचा खर्च मंडळाने करावा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. आणि वाया गेलेल्या दिवाळीच्या मालाचे पैसे मुलींच्या वाट्यातून वळते केले आहेत असे कळते. ते परत करावेत. न शिकविलेल्या धड्याचे गुण कापायचे नसतात.

एवढे केल्यावरही यंत्र विकावेसे वाटले तर अवश्य विका. पण त्याआधी एकदा ती चादर काढा. उद्या दुपारी तीन वाजता मी येते. ती मुलगीही येणार आहे. तिचे बोट बरे झाले आहे. पहिला चौकोन तिनेच कापावा, आणि मी शेजारी उभी राहावे, असे आमचे ठरले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. येताना पदर मात्र खोचून यावे.