गोळ्या सुरू झाल्यावर ताप आला तर

(पिंपळनेर येथे गटांच्या मासिक बैठकीत एका समुपदेशक ताईंनी केलेले भाषण.)

मागच्या वेळी हिमोग्लोबिनवर बोललो होतो, आज एचआयव्हीवर बोलायचं आहे. पदर तोंडावर घेऊ नका. हा आजार कुणाच्या घरी येऊन बसेल ते कपाळावर लिहिलेलं नसतं.

एका बाईची गोष्ट सांगते. गाव सांगणार नाही, गटही नाही. नवरा वारल्यावर तिची तपासणी झाली, तेव्हा आजार बराच पुढे गेला होता. तिला एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला आणि मानेला लिंबाएवढ्या गाठी आल्या. सासू म्हणाली, "त्या गोया बंद करी टाक." सासूचं काय चुकलं? गोळ्या घेण्याआधी गाठी नव्हत्या, घेतल्यावर आल्या. कुणीही हेच म्हणेल. बाईनं गोळ्या बंद केल्या.

आता शरीरात काय झालं ते ऐका. आपल्याकडून ऊसतोडीला गुजरातेत टोळ्या जातात. टोळीत मजूर पुष्कळ, पण कुणी कुठे लागायचं हे मुकादम सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-४ नावाच्या पेशी असतात, त्या ह्या मुकादमासारख्या. जंतू शिरला की बाकीच्या पेशींना त्या कामाला लावतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका मुकादमालाच मारतो. मजूर असून काम बंद!

निरोगी माणसाच्या मोहरीएवढ्या रक्ताच्या थेंबात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचार नसेल तर त्या वर्षानुवर्षे घटत जातात. २०० च्या खाली गेल्या की एरवी गुपचूप राहणारे जंतू डोकं वर काढतात. तोंडात पांढरा थर येतो, गिळताना दुखतं, न्यूमोनिया होतो, कुणाला मेंदूज्वर. ह्यांना संधिसाधू आजार म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. आपल्याकडे त्यात सर्वांत मोठा टीबी. तो तर पेशी बऱ्यापैकी असतानाही गाठतो.

त्या बाईच्या अंगात टीबी आधीपासून लपलेला होता. पण मुकादमच नव्हता, म्हणून ना ताप, ना सूज. गोळ्यांनी विषाणू दबला, पेशी परतल्या, त्यांनी लपलेला टीबी पाहिला आणि एकदम आरडाओरडा केला. तो ताप, त्या गाठी म्हणजे तो आरडाओरडा. पेशी फार कमी असताना गोळ्या सुरू केल्या तर पहिल्या काही महिन्यांत असं होऊ शकतं. म्हणूनच लवकर तपासा असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो.

अशा वेळी गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. लगेच केंद्रावर जायचं. लपलेला आजार शोधून त्याचे औषध सुरू करतात, गरज पडली तर सूज उतरवायचे औषध देतात. हे अंगावर काढू नका, कधीकधी जिवावर बेतते. डोकं फार दुखलं, दम लागला, नजर धूसर झाली तर त्याच दिवशी जा. आणि टीबी आधीच सापडला असेल तर आधी टीबीची गोळी, मग काही आठवड्यांनी एआरटी, हा क्रम मुद्दाम ठेवलेला असतो. टीबीच्या औषधाने एचआयव्हीच्या गोळीचा जोर कमी होतो म्हणून काहींना तिचीच एक जादा गोळी देतात. ती चुकून दिली असं समजून डब्यात ठेवू नका.

खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम. केंद्रावर दर वेळी हे चार प्रश्न विचारतात. कंटाळून "नाही नाही" म्हणू नका.

ती बाई दीड महिन्याने परत आली, सासूच घेऊन आली. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, एआरटी चालू आहे. आता ती कांद्याच्या खळ्यावर माझ्यापेक्षा जास्त वेळ उभी राहते.

खर्चाचं म्हणाल तर आपल्या देशात सरकारी केंद्रात ह्या गोळ्या २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून पेशी कितीही असोत, निदान झालं की उपचार सुरू करतात. आपल्याला धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्हीग्रस्त बसतात.

एका गटाने अशा बाईला कर्ज नाकारलं होतं, "ती फेडेल तोवर राहील का?" म्हणून. बायांनो, नियमित गोळी घेणारी बाई राहते, आणि फेडतेही. शिवाय २०१७ च्या कायद्याने असा भेदभाव करायला बंदी आहे, कुणाचा आजार तिच्या संमतीशिवाय सांगायलाही.

दिवाळीनंतर तोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात सांगावं. तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात. फोनवर विचारायचं तर १०९७, पैसे लागत नाहीत.

आता विचारा. सगळ्यांसमोर नको असेल तर चहा होईपर्यंत मी मागच्या खोलीत बसते, एकेकीने या.