टायर वाचायला शिकूया



आपल्या गटांतल्या कितीतरी घरी आता स्कूटी आली आहे. माल बाजाराला न्यायला आपण भाड्याचा टेम्पोही ठरवतो. भाड्याची घासाघीस करतो, पेट्रोलचा काटा बघतो, पण टायरकडे वाकून कोणी बघत नाही. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आज टायरविषयी बोलू.

टीव्हीवर फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत तुम्ही पाहिली असेल. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं ती आपल्या देशात, ग्रेटर नोएडाला झाली. या मोटारींचे टायर साफ गुळगुळीत असतात. त्यांना 'स्लिक' म्हणतात. ते बघून घरातली पोरं म्हणतात, "एवढ्या वेगाला गुळगुळीत टायर चालतो, मग आपल्याला का नाही?"

उत्तर त्याच शर्यतीत आहे. स्लिक टायरचं रबर खास मऊ असतं. कोरड्या रस्त्याला ते पुरतं टेकतं, म्हणून पकड वाढते. पण पाऊस आला की गाडी लगेच बाजूला घेतात. त्या थांब्याला 'पिट स्टॉप' म्हणतात. तिथं दोन-तीन सेकंदांत चारही चाकं बदलतात आणि खाचांचे टायर लावतात. थोड्या पावसाला हिरव्या पट्ट्याचे, जास्त पावसाला निळ्या पट्ट्याचे. खाचांतून पाणी बाहेर निघून जातं. खाचा नसल्या तर रस्ता आणि चाक यांच्यामध्ये पाणी राहतं, आणि ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते. आपला झिजलेला टायर म्हणजे स्लिक नव्हे. त्याचं रबर संपलेलं असतं, आणि पावसात तो बदलायला रस्त्यावर कोणी उभं नसतं.

मग बघायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, खाच. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' ही इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेत बघा, रबराचा लहान उंचवटा दिसेल. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला, की बदलायचाच.

दुसरी, वय. कडेलाच चार आकडे असतात. 2321 असेल, तर टायर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुनं रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. दुकानात 'नवा' म्हणून देतील, तेव्हा हे चार आकडे आधी वाचा.

तिसरी, हवा. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हवा कमी राहिली तर टायर कडांनी झिजतो, जास्त झाली तर मधोमध.

पुढच्या बैठकीला आलेल्या प्रत्येक स्कूटीचे टायर सगळ्या मिळून बघा. टेम्पो ठरवताना, माल चढवायच्या आधी म्हणा, "दादा, आधी टायर बघू द्या." त्यांना राग आला तरी चालेल. मालाबरोबर आपल्या बायाही त्याच टेम्पोत बसणार आहेत.