बोट ठेवून वाचताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



'तू चिनी शिकवतेस ना, मग त्यातलं काहीतरी सांग,' असा संयोजकांचा हुकूम आहे. सांगते. पण त्याआधी आपल्या पाचवीच्या वर्गात जाऊ या.

मराठीच्या तासाला प्रकट वाचन असायचं. मी घडाघडा वाचायचे, म्हणून बाई बहुतेक वेळा मलाच उभं करायच्या. माझ्या बाकावरची मैत्रीण मात्र ओळीखाली बोट धरून वाचायची. थांबायची, मागे जायची, तोच शब्द पुन्हा धरायची. वर्ग हसायचा. मीही हसायचे.

चाळिशीत मी चिनी शिकायला घेतलं आणि बोट ठेवायची पाळी माझ्यावर आली. चिनी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. आपल्याकडे मोडी जशी सलग लिहीत, तशीच अक्षरामागून अक्षरं. बरेचसे शब्द दोन अक्षरांचे, काही एकाचे, काही तीनचे. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. 'येन-ज्यौ' म्हणजे संशोधन. त्याला 'शंग' हे अक्षर जोडलं की होतो पदव्युत्तर विद्यार्थी. पण तेच 'शंग' पुढच्या 'मिंग'ला जोडलं, तर होतं जीवन. 'जीवनाच्या उगमाचं संशोधन' असं लिहिलेलं होतं आणि मी त्यात विद्यार्थी शोधत बसले होते! मागे गेले, पुन्हा वाचलं, तेव्हा कुठे अर्थ लागला.

मग मी डोळ्यांबद्दल वाचायला लागले. आपल्याला वाटतं, वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जाते. तसं नसतं. डोळे उड्या मारतात. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतात, मग पुढे उडी. उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही. वाचन होतं ते थांबल्यावर. हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या रुंदीएवढ्याच जागेत आपल्याला अगदी बारीक, स्पष्ट दिसतं. म्हणून तर इतके थांबे घ्यावे लागतात.

इंग्रजी वाचणाऱ्याची उडी सरासरी सात-आठ अक्षरांची असते, चिनी वाचणाऱ्याची दोन-तीन अक्षरांची. एका थांब्यात इंग्रजी वाचकाला उजवीकडच्या चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतचा उपयोग होतो. चिनी वाचकाला मागचं एक आणि पुढची दोन-तीन. म्हणून तो हळू वाचतो असं मात्र नाही. एकेका चिनी अक्षरातच पुष्कळ अर्थ भरलेला असतो.

2008 साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. चिनी वाचकांना चार तऱ्हेची वाक्यं दिली होती: नेहमीची सलग, शब्दाशब्दांत जागा सोडलेली, प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडलेली आणि भलत्याच ठिकाणी तोडलेली. डोळे कुठे, किती थांबतात ते यंत्राने मोजलं. शेवटच्या दोन तऱ्हा वाचायला वेळ लागला. पण शब्दाशब्दांत जागा सोडलेली वाक्यं, सवय नसतानाही, सलग वाक्यांइतकीच सहज वाचली गेली. पुढे चिनी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा त्यांना त्या मोकळ्या जागेची चक्क मदत झाली. मी आता नवशिक्यांना पहिले धडे तशीच जागा सोडून लिहून देते. आणि बोट ठेवू नका, असं कुणालाही म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट. मुरलेले वाचकही मागे जातात. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांच्या दहा उड्यांतली एखादी तरी मागेच जाते. म्हणजे पाचवीत मी घडाघडा वाचत होते, तेव्हा माझेही डोळे थांबत होते, मागे वळत होते. फक्त ते कुणाला दिसत नव्हतं. तिचं बोट सगळ्यांना दिसत होतं, एवढाच काय तो फरक. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, याचा शोध आम्ही दोघीही घेत होतो.

ती मैत्रीण आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझं ऐकून आताही हसते आहे. तेव्हा हसले, त्याबद्दल तिची क्षमा मागायला मला इतकी वर्षं लागली. आयोजकांना एकच विनंती आहे: जेवायला बसताना तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवा. पाचवीत होती तशीच.